पांगाऱ्यावरची पानवेल

बाग केल्यानं मन शांत होतं, असं म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यातल्या एकाच्याही नखात मला कधी माती दिसली नाही. संध्याकाळी अंगणात वेताची खुर्ची टाकायची, चहाची बशी तोंडाला लावायची आणि शेवंतीच्या वाफ्याकडे बघत ‘वा, काय प्रसन्न वाटतंय’ म्हणायचं, याला ते बाग करणं म्हणतात. वाफा कुणी खणला, शेण कुणी कालवलं, मावा पडलेली पानं एकेक करून कुणी पुसली, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही येत नाही. बेळगावात आमच्या घरी अशी खुर्ची एकच होती आणि तिच्यावर माझे सासरे बसत.

त्यांना सगळं घर आप्पा म्हणायचं. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते पेन्शनीत निघाले होते, पण कचेरी काही त्यांच्यातून निघाली नव्हती. कॅम्पात कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या बंगल्यासमोर त्यांनी कुंड्यांची रांग पाहिली आणि घरी येऊन तशीच रांग मांडली. प्रत्येक कुंडीला खाली गेरूचा पट्टा, वर चुन्याचा. कुंडीतलं झाड मेलेलं चालायचं, पट्टा फिका पडलेला चालायचा नाही. एका कुंडीत तर अख्खा पावसाळा नुसती माती होती. भेटायला येणारी मंडळी त्याही कुंडीचं कौतुक करून जात. त्या दिवसांत तिकडे विलायतेला पहिली मोठी लढाई चालू होती आणि आप्पा त्या खुर्चीत बसून जर्मनांना कुठून घेरायचं ते रोज ठरवत. कुंड्यांना पाणी घालून माझी कंबर मोडलेली असे.

मी नंदगडची, शेतकऱ्याची लेक. सासरच्यांच्या लेखी हा माझ्या अंगाला चिकटलेला चिखल होता. पण घरामागचं परडं मात्र याच चिखलवालीच्या हवाली झालं, कारण दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं. मी आले तेव्हा तिथं एक आड, एक पांगारा, धुण्याचा दगड आणि गुडघाभर रान एवढंच होतं. दोन वर्षांत मी तिथं वांगी, मिरच्या, दोडका, घेवडा, अळू, अबोलीच्या दोन रांगा असं सगळं उभं केलं. पहाटे उठून आडातून बिंदगीनं, म्हणजे आमच्याकडच्या घागरीनं, पाणी शेंदायचं, आळी भरायची, मग स्वयंपाकाला लागायचं. दुपारी जेवणं आटोपली की खुरपं घेऊन बसायचं. भाजी ताटात पडली की आप्पा म्हणत, ‘आमच्या परड्यातली.’ आमच्या म्हणजे कुणाच्या, ते मला कधी कळलं नाही.

शेजारच्या सुवासिनी संध्याकाळी अबोलीला येत. ‘जरा चार फुलं घेतो गं’ म्हणत आणि ओंजळभर खुडत. त्यातली एक बाई नेहमी कळ्याही तोडायची आणि वर मला सांगायची की यंदा तुझी अबोली लागत नाही.

पण सुख नव्हतं असं म्हणेन तर तोंड खोटं पडेल. दोडक्याची पिवळी फुलं दिवस कलताना उमलतात. त्या वेळी मी आडाच्या काठावर बसायची आणि कुणी हाक मारत नसे. पानाखाली लपलेली काकडी सापडली की तिथंच उभ्यानं खायची, पदराला पुसून. त्या घरात सकाळपासून माझ्या नावाच्या नुसत्या हाका असत. परड्यात मात्र मी कुणाची सून नव्हते. माझी म्हणावी अशी जागा साऱ्या जगात ती एकच होती, आणि ती जाईल की काय याची धाकधूक मला पहिल्या दिवसापासून होती.

परड्यातली एकच गोष्ट माझी नव्हती. पांगाऱ्यावर आप्पांनी पानवेल चढवली होती. ती त्यांची. वेल चांगली होती, नाही कशाला म्हणू. हिरवीगार, हाताच्या पंजाएवढी पानं. जेवणानंतर आप्पा स्वतः जाऊन पानं खुडत, पाहुण्यांना देत आणि वेलीचं सोवळं सांगत. पायात चप्पल नको. आंघोळीशिवाय जवळ जायचं नाही. आणि बाईमाणसाला कावळा शिवला असेल तर तिची सावलीसुद्धा वेलीवर पडता कामा नये, वेल जळून जाते. हे सांगताना गालात पान आणि चिमूटभर तंबाखू. पाहुणे माना डोलावत. पाहुण्यांना पान फुकट मिळत होतं, ते दुसरं काय करणार?

मी महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत बसायची. तिथून वेल दिसायची, म्हणून आप्पांनी मध्ये तरटाचा पडदा लावून घेतला होता. वेलीला मी दिसू नये म्हणून.

मग निपाणीहून पोतं आलं. माझी नणंद निपाणीत दिलेली, तिच्या घरची तंबाखूची वखार. तिच्या सासऱ्यांनी निरोप पाठवला की हा तंबाखूचा चुरा झाडाच्या बुडाला घाला, कीड फिरकत नाही आणि झाड जोमानं वाढतं. चिमूटभर घातला असता तर खरंही झालं असतं. पण आप्पा अव्वल कारकून. थोड्यानं भागतं तिथं पुष्कळ घातलं की पुष्कळ फायदा, असा त्यांचा हिशेब. त्यांनी तो चुरा आणि कालपरवाच आणलेलं शेळ्यांच्या लेंड्यांचं कच्चं खत एकत्र केलं आणि वेलीच्या बुडाशी टोपलीमागून टोपली ओतलं. वर माझ्याकडून सहा बिंदग्या पाणी शेंदून घेतलं आणि ते एका गड्याच्या हातून ओतवलं.

मी सासूबाईंना म्हटलं, “आत्याबाई, कच्चं खत ऊन असतंय. मुळं जळतील.”

“तुमच्या नंदगडातलं शेण हितं नको कालवू,” सासूबाई म्हणाल्या. “त्यांनी तीस वर्सं कचेरी चालवलीया.”

कचेरीला मुळं नसतात, हे माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं.

आठवड्याभरात वेलीची खालची पानं पिवळी पडली, मग वरची माना टाकून लोंबू लागली. आप्पा सकाळ-संध्याकाळ पांगाऱ्याखाली उभे राहत. दहाव्या दिवशी वेल सुकून तारेसारखी झाली. एखादा शेतकरी असता तर बुडाशी बोटभर उकरून पाहिलं असतं. आप्पांनी घरातल्या बायकांकडे पाहिलं.

घरात बायका दोन. सासूबाईंचं वय उलटून गेलेलं. उरली मी. आणि सासूबाईंच्या ध्यानात आलं की गेल्या महिन्यात मी पडवीत बसलेच नव्हते.

ते का, ते मला ठाऊक होतं. मला दिवस गेले होते. दुसरा महिना लागला होता. पण नीट खात्री होईपर्यंत बोलू नये असं आईनं सांगितलेलं, म्हणून मी कुणालाच, नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं.

मला सोप्यात बोलावलं. आप्पा खुर्चीत, माझा नवरा जवळ वर्तमानपत्र धरून, आणि त्या कळ्या खुडणाऱ्या बाई नेमक्या त्याच वेळी दही मागायला आलेल्या. आप्पा माझ्याशी थेट बोलत नसत. ते सोप्याच्या खांबाशी बोलत आणि मी खांबामागून ऐकावं अशी रीत होती.

“इचारा तिला,” आप्पा खांबाला म्हणाले, “गेल्या म्हैन्यात बाजूला बसलीती काय?”

सासूबाईंनी विचारलं, “बसलीतीस काय गं?”

“न्हाय,” मी म्हटलं.

“का न्हाय?”

सासरा समोर, नवरा समोर, परकी बाई दह्याचं भांडं घेऊन समोर. तिथं कुठल्या तोंडानं सांगायचं? मी मान खाली घातली. मान खाली गेली म्हणजे गुन्हा कबूल, हे कचेरीतलं शास्त्र आप्पांना पाठ होतं.

“चोरून घरभर वावरली,” ते म्हणाले. “देवघरात गेली, लोणच्याला हात लावला, वेल खाल्ली. आजपास्नं परड्यात पाय ठेवायचा न्हाय.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. बी. ए. झालेला माणूस, शाळेत मुलांना विज्ञान शिकवायचा, झाडं मुळांनी अन्न घेतात हे फळ्यावर चित्र काढून दाखवायचा. त्या दिवशी माझ्या मनातून तो माणूस जो उतरला, तो पुढं पुरता वर कधी चढला नाही.

लोणच्याची बरणी उकिरड्यावर गेली, सगळं घर गोमूत्र शिंपडून धुतलं आणि धुण्याचं पाणीही मीच शेंदलं, कारण आड दारालगत होता आणि आडाचा काठ परड्यात धरायचा नाही असं सोयीनं ठरलं. रात्रीच्या भाकरी थापताना मी सासूबाईंना खरं सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला. तोंड एकदम उजळलं. उठून डब्यातली चिमूटभर साखर त्यांनी माझ्या जिभेवर ठेवली. मला वाटलं, सुटले. मग त्या पाटावर बसल्या आणि विचारात पडल्या.

“मग येल कशानं गेली गं?”

“खतानं.”

“गप. त्येंच्या कानावर गेलं तर?” आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, “आता तर तुजा हात येलाला नकोच. पोटुशीनं हात लावला की दोडका कडू हुतोय.”

म्हणजे मी निर्दोष ठरले आणि शिक्षा कायम राहिली. असा न्याय कचेरीतसुद्धा होत नसेल. आप्पांना बातमी कळली तेव्हा त्यांनी पेढे आणवले, आल्यागेल्याला वाटले. वेलीबद्दल एक अक्षर नाही. त्या दही मागणाऱ्या बाईला पेढे गेले, पण तू त्या दिवशी ऐकलंस ते खोटं होतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनं माझी कथा गल्लीभर केव्हाच फिरवली होती.

पुढच्या महिन्यात गड्यानं वाळलेली वेल उपटली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मुळांचा गड्डा वर आला तो काळा ठिक्कर, आणि तंबाखूचा वास दारापर्यंत. गड्यानं तो हातात फिरवून पाहिला. म्हणाला, “आप्पा, मुळं शिजल्यात की हो.” आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, खांब मध्ये न घेता. मग पायानं माती ओढून खड्डा बुजवायला लागले. पायात खडावा तशाच होत्या.

मुलगा झाला, बारसं झालं, तरी बंदी उठली नाही. परडं सासूबाई बघू लागल्या. मी खिडकीतून बघायची. घेवड्याच्या शेंगा वेलावरच वाळल्या, वांग्यांत अळ्या पडल्या, अबोलीची एक रांग गेली. बाळ मांडीवर घेऊन मी त्या परड्यासाठी रडले आहे. लोक म्हणतील, मांडीवर मुलगा आणि भाजीसाठी रडते. म्हणोत. मुलगा सगळ्यांचा होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात सासूबाईंचे गुडघे धरले, तसं शास्त्र सैल झालं. कुणी बंदी उठवली असं नाही. एके सकाळी त्या म्हणाल्या, “ती बिंदगी तेवढी वत जा,” आणि झालं.

हिंडलग्याहून भाजी घेऊन एक बाई दारावर येत असे. तिच्याकडून मी पानवेलीचं छाट मागवलं. तिला सहज विचारलं, मळ्यात तुम्ही चार दिवस काय करता? ती बुट्टी डोक्यावर चढवता चढवता हसली. म्हणाली, “चार दिस घरात बसाय मी काय अव्वल कारकुनाची सून हाय व्हय?”

ते छाट मी पांगाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला लावलं. आप्पांना वाटलं, जुन्याच वेलीचा फुटवा आलाय, त्यांच्या पुण्याईनं. वाटू दिलं. आणि त्या महिन्यात माझे चार दिवस आले तेव्हा, दुपारी सगळे पालथे पडलेले असताना, मी तरटाचा पडदा बाजूला केला, वेलीजवळ गेले आणि तिचं पानन् पान हातात घेतलं. पाठीला, पोटाला, देठाला हात लावला. पुढच्या महिन्यातही. दर महिन्यात. वेल अशी माजली की पांगारा दिसेना.

पुढं आप्पांचे दात गेले. मग पान कुटून द्यावं लागे. मी खुडायची, मी कुटायची, पितळी खलबत्त्यात, चारही आठवडे. आप्पा ते गालात धरून आल्यागेल्याला सांगत, “सोवळं असलं की येल अशी ऱ्हातीया. मागं एकडाव बाटली, तेवढंच.” मी आतून ऐकायची. मला फार बरं वाटायचं, हे लपवत नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात अन्न सुटलं तरी पानाचा रस त्यांना लागे, आणि तोही मीच पाजला. मेले तेव्हा ओठ लाल होते. मी चारचौघींसारखी रडले आणि मनात म्हटलं, जिंकले.

सून आली ती ट्रेनिंग कॉलेजात शिकलेली. तोवर दुसरी लढाई सुरू झाली होती, दुकानासमोर रेशनच्या रांगा लागत होत्या. घराची सत्ता माझ्याकडे आलेली. पहिल्याच महिन्यात मी तिला सांगितलं, आमच्याकडे बाजूला बसायचं नाही, तो तरटाचा पडदा मी कधीच चुलीत घातलाय. मग आडाच्या काठावर बसून तिला सगळी गोष्ट सांगितली, खांबासकट, खडावांसकट. ती पोट धरधरून हसली. म्हणाली, “आत्याबाई, तुम्ही लई धीराच्या.” मला ते आवडलं. नंतर ज्याला त्याला मी आप्पांची ती गोष्ट सांगू लागले, त्यांच्याच खुर्चीत बसून. गुडघे माझेही दुखू लागले होते. बिंदगी आता सून उचलायची, आळी ती भरायची आणि भाजी ताटात पडली की मी पाहुण्यांना सांगायची, आमच्या परड्यातली.

एके सकाळी मी मागच्या दारात आले आणि पाहिलं तर वेलीनं माना टाकल्या होत्या. पंचवीस वर्षांची वेल. खालची पानं पिवळी, मधली लोंबलेली. सून कमरेवर बिंदगी घेऊन आळ्यांमध्ये उभी होती, तिनंही तेव्हाच वर पाहिलं. मी काही बोलले नाही. देवाशपथ, एक शब्द बोलले नाही. फक्त तिच्याकडे पाहिलं.

तिनं बिंदगी खाली ठेवली.

“माझं गेल्या आठवड्यातच झालं, आत्याबाई,” ती म्हणाली. “आज काही नाही.”

मी खाली बसून बुडाशी उकरलं. हाताला राख लागली, बोटभर नव्हे, वीतभर. न्हाणीच्या चुलीतली. चार दिवसांमागं चूल साफ करून तिथंच मी ती टोपलीभर ओतली होती, वेलीला बरी म्हणून, विस्तव पुरता विझला की नाही ते न बघता. निखाऱ्याचे तुकडे अजून तसेच होते. मी मूठभर राख उचलून तिला दाखवली. म्हटलं, “बघ, मीच घातली. माझ्याच हातानं मुळं भाजली.”

“व्हय,” ती म्हणाली आणि बिंदगी उचलून मिरच्यांकडे गेली.

आप्पांनी माती ओढून खड्डा बुजवला होता. मी तो उघडा ठेवला, दोन दिवस, तिला दिसावा म्हणून. याचा मला काही दिवस अभिमानही वाटला. राख काढली, नवी माती घातली, तशी वेल पुन्हा फुटली. आता बरी आहे. सून सगळ्या परड्याला पाणी घालते, दोडक्याला, अबोलीला, पांगाऱ्यालासुद्धा एका अंगानं. वेलीचं आळं तेवढं कोरडं ठेवते. मी एकदा म्हटलं, तिथंही घाल की. ती म्हणाली, “राहू दे, आत्याबाई. तुमची वेल आहे.”

तेव्हापासून वेलीला पाणी मीच घालते.